तेरा-शून्य

डिसेंबरचा पहिला रविवार झाला की सोमवारी आमच्या हापिसात काम होत नाही. म्हणजे लोक येतात, लॅपटॉप उघडतात, स्टँडअपमध्ये 'काल काय केलं, आज काय करणार' हेही पोपटासारखं म्हणतात. पण लक्ष सगळं साडेअकराकडे. साडेअकराला जेवणाचं टेबल भरतं नि भांडण सुरू होतं. विषय एकच. कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये कुठल्या टीम गेल्या, आणि मुख्य म्हणजे कुठली बाहेर राहिली.

मी कोलंबसला असतो, ओहायो राज्यात. ऑगस्ट २०२२मध्ये ऑनसाईटचं नक्की झालं तेव्हा मीही आधी नकाशाच उघडला होता. हे गाव ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचं आहे, बाकी सगळं नंतर. शनिवारी मॅच असली की स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतो. लाखभर! पोरं कॉलेजातली, प्रेक्षक वर्ल्डकप फायनलचे. मिशिगनशी मॅच असते त्या आठवड्यात कॅम्पसमधल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. (पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाट्या बदलायच्या असतील.) रस्त्यात कोणी 'ओ-एच' असं ओरडलं की आपण 'आय-ओ' असं ओरडायचं, ओळख असो वा नसो. पहिल्या वर्षी मला हा प्रकार बालिश वाटायचा. दुसऱ्या वर्षी मी विमानतळावर ओरडलो. असो.

टेबलावर आम्ही चौघं कायमचे. एक आमचे डीबीए काका, साठीला आलेले, जन्म इथलाच, रक्त लाल नि राखाडी. एक जॉर्जियाची टेस्टर, तिच्या मते खरं फुटबॉल फक्त दक्षिणेत खेळतात, उत्तरेत नुसती थंडी असते. एक नोटर डेमवाला (स्पेलिंग फ्रेंच, उच्चार इंडियानाचा). आणि चौथा मी, पोळीभाजीचा डबा घेऊन बसलेला, ज्याला सुरुवातीला 'क्वार्टरबॅक' म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. काकांनी समजावलं. मी ते माझ्या भाषेत असं लिहून ठेवलं: कॅप्टन, ओपनर आणि विकेटकीपर एकाच माणसात, आणि त्याला पाडायला समोरून चार गेंडे धावत येतायत.

आता हे भांडण मुळात का होतं ते सांगतो, कारण आपल्याला क्रिकेटमुळे गुणतक्त्याची सवय आहे. जिंकलात तर दोन गुण, हरलात तर शून्य, बरोबरी झाली तर नेट रनरेट. २०१९च्या वर्ल्डकपात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण होते. पाकिस्तानने साखळीत न्यूझीलंडला हरवलेलं, तरी रनरेटवर न्यूझीलंडच सेमीफायनलला गेलं. (पुढे त्यांनी आपलं काय केलं ते आठवायला नको.) अन्याय वाटू शकतो, पण नियम आधीपासून छापलेला होता, गणित कोणीही करू शकत होतं.

इथे तसं नाही. २०२५च्या सीझनला वरच्या पातळीवर १३६ टीम होत्या, आणि प्रत्येकीच्या मॅच साधारण बारा. प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं म्हटलं तर ९,१८० मॅच लागतील! त्यामुळे बहुतेक टीम एकमेकींना कधी भेटतच नाहीत. एक टीम बारा बलाढ्यांशी खेळून दहा जिंकते, दुसरी बारा लिंबूटिंबूंशी खेळून बाराही जिंकते. वरचढ कोण? गुणतक्ता काढायचा कसा?

पूर्वी पत्रकार आणि कोच यांच्या मतांवर नंबर ठरायचे. मग १९९८ ते २०१३ असं मतं आणि कॉम्प्युटर यांचं मिश्रण होतं. त्यात सहा वेगवेगळे प्रोग्रॅम टीमना नंबर द्यायचे. त्यातला २०१०चा किस्सा प्रत्येक प्रोग्रॅमरने वाचावा असा आहे. शेवटच्या यादीत एका प्रोग्रॅमच्या डेटात एक मॅच भरायचीच राहिली. तीही खालच्या पातळीवरच्या दोन टीमची, वरच्यांशी संबंध नसलेली. त्या एका ओळीमुळे एलएसयू आणि बॉईझी स्टेट यांचे दहावा आणि अकरावा हे नंबर उलटसुलट लागले. चूक पकडली बाहेरच्या माणसाने, आणि पकडता आली कारण सहांपैकी त्या एकाच प्रोग्रॅमचं सूत्र जाहीर होतं. बाकीच्या पाचांत काय शिजत होतं ते देवालाच ठाऊक. ज्याने सूत्र उघडं ठेवलं त्याचीच चूक सापडली, हा आपल्या धंद्यातला न्याय तिथेही.

मीही एका वीकेंडला तसा प्रोग्रॅम लिहिला. जिंकणं-हरणं, समोरच्याची ताकद, त्याच्या समोरच्याची ताकद, घरचं मैदान. पायथनच्या दीडशे ओळी. उत्तर काय आलं ते सांगत नाही, कारण घरच्या मैदानाचं वजन जरा इकडेतिकडे केलं की चौथी टीम बदलायची. सोमवारी टेबलावर प्रिंटआऊट नेला. काका म्हणाले, "हे वजन कोणी ठरवलं?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग हा कॉम्प्युटर कुठे आहे, हा तूच आहेस की!"

तर २०१४पासून कॉम्प्युटर गेले नि समिती आली. तेरा जण. माजी कोच, कॉलेजांचे क्रीडा संचालक वगैरे. पहिल्या समितीत तर कोंडोलिझा राईस होत्या, अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री! डलासजवळच्या एका हॉटेलात हे लोक जमतात, दार लावून घेतात, आणि यादी बाहेर येते. ज्या सदस्याचा एखाद्या कॉलेजशी संबंध असतो त्याने त्या कॉलेजची चर्चा निघाली की खोलीबाहेर जायचं असा नियम आहे. निकषही आहेत: प्रतिस्पर्धी किती तगडे, आपसातल्या लढतीत कोण जिंकलं, कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं का. आणि अजून एक, महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणं, ज्याचा परिणाम पुढच्या खेळावर होऊ शकतो. यादी लागल्यावर लोक जे बोलतात ते ऐकून मला थेट पुरुषोत्तम करंडकाच्या निकालानंतरचं भरत नाट्य मंदिराबाहेरचं अंगण आठवतं. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. अंतिम कसला, तिथूनच तर सुरुवात होते.

पुढचं सगळं त्या शेवटच्या निकषावरून.

२०२३. तेव्हा प्लेऑफमध्ये चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेट नावाची टीम पहिल्यापासून जिंकत आलेली. १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. सीझन खलास. तरी टीम पुढची मॅच जिंकली. मग दुसरा क्वार्टरबॅकही डोक्याला मार लागून बसला, तर तिसऱ्याला घेऊन कॉन्फरन्सची फायनल जिंकली, १६-६. देखणा खेळ नव्हता, पण जिंकली. तेरा मॅच, तेरा विजय, कॉन्फरन्सचं विजेतेपद.

३ डिसेंबरला यादी लागली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवी. अलाबामा सप्टेंबरात स्वतःच्या घरी टेक्ससकडून हरलेली होती, पण आदल्याच दिवशी तिने पहिल्या नंबरच्या जॉर्जियाला हरवलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी टीव्हीवर सांगितलं त्याचा अर्थ असा, की ट्रॅव्हिसशिवाय ही टीम पूर्वीची राहिलेली नाही. मोठ्या कॉन्फरन्सची अपराजित विजेती बाहेर, असं चार जागांच्या प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच झालं. आणि त्या ट्रॅव्हिसने काय लिहिलं असेल? माझा पाय सीझनमध्ये आधीच मोडायला हवा होता, म्हणजे ही टीम एकट्या क्वार्टरबॅकची नाही हे तुम्हाला दिसलं असतं. अशा अर्थाचं. मी ते बसमध्ये वाचलं आणि पुढचा स्टॉप चुकलो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मी पेटलेलो होतो. काका म्हणाले, समितीचं काम चार सर्वोत्तम टीम निवडण्याचं आहे, आज मैदानात उतरल्या तर कोण जिंकेल ते बघायचं. टेस्टरची स्वतःची जॉर्जिया बाहेर राहिलेली, २९ मॅचची विजयाची साखळी तुटलेली, म्हणून ती आधीच चिडलेली. तरी तीही म्हणाली की फ्लोरिडा स्टेट आता कुणालाच हरवू शकत नाही. मी डबा बाजूला सारला. म्हटलं, "तेरा मॅच खेळून तेरा जिंकल्यावर माणसाने अजून करायचं तरी काय? पुढे काय होईल याचा अंदाज बांधून बक्षीस द्यायचं असेल तर मॅच कशाला खेळवता?" नोटर डेमवाल्याने टेबलावर थाप मारली. टाळ्या वगैरे. मी जाम खूष.

त्याच रात्री साडेनऊला माझा पुण्याशी कॉल होता. तिकडे मंगळवारची सकाळ, आठ वाजलेले.

कॉलवर तिघं: मॅनेजर, त्याचा वरचा, आणि मी. फेब्रुवारीत मोठं गो-लाईव्ह होतं, त्यासाठी पुण्याहून एकाला इकडे पाठवायचं होतं. सीट एक, नावं दोन, दोघांचेही व्हिसा तयार.

पहिलं नाव आमच्या कोल्हापूरकराचं. (खरं नाव लिहीत नाही, टीममध्येही कोणी घेत नाही.) त्या वर्षीचे रात्रीचे सगळे बॅच जॉब त्याच्या अंगावर होते. मार्चमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे गेली आणि अर्धे जॉब दोनदा चालले, तेव्हा पहाटे तीनपासून बसून त्याने निस्तरलं होतं, आणि मला सकाळी फक्त एक ओळ: "भावा, झालंय, चहा घे." अख्ख्या वर्षात आमचा एकही एसएलए चुकला नाही, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त त्याचं काम. ऑक्टोबरात त्याच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. तो गावी गेला. तिथून काम करायचा, पण नेट जायचं, कॉलवर मागे हॉस्पिटलचे आवाज, कधी अर्धा दिवस रजा. दुसरं नाव एका चुणचुणीत पोराचं. टीममध्ये येऊन चारच महिने झालेले, पण क्लायंटशी बोलणं एकदम गुळगुळीत, नोव्हेंबर त्यानेच ओढून नेलेला.

मॅनेजर म्हणाला, "तू रोज दोघांबरोबर काम करतोस. तू सांग."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "वर्षभराचं बघितलं तर कोल्हापूरकर. पण फेब्रुवारीत कोण जास्त उपयोगी पडेल ते बघायला हवं. आणि घरचं सगळं बघता त्याला स्वतःलाच आत्ता यायचं नसेल."

त्याला यायचं नसेल हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आम्ही तिघांपैकी कोणी त्याला विचारलंच नव्हतं. त्याचं नाव पाच मिनिटांत संपलं. उरलेली पंचवीस मिनिटं तिकीट, हॉटेल नि पर डिएम.

लॅपटॉप मिटला, भांडी घासायला घेतली, आणि दुपारचं आपलंच भाषण आठवलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लाज वगैरे वाटली नाही. मी स्वतःला समजावलं की खेळ वेगळा नि प्रोजेक्ट वेगळं. गो-लाईव्हला बक्षिसं द्यायची नसतात, माणूस लागतो. आजही या मुद्द्यावर मी कोर्टात उभा राहू शकतो, इतका तो पक्का आहे. काकांचाही तोच मुद्दा होता.

३० डिसेंबरला फ्लोरिडा स्टेटची ऑरेंज बोल ही मॅच झाली, नेमकी जॉर्जियाशी. ६३-३ने हरली. त्रेसष्ट-तीन! टेस्टर सुट्टीवर असूनही तिने ग्रुपवर स्कोअर टाकला, खाली फक्त एक स्मायली. काकांनी लिहिलं, समिती बरोबर होती. पण त्या मॅचला फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते. कोणी जखमी, कोणी पुढच्या प्रोफेशनल करिअरसाठी बाजूला झालेले, कोणी कॉलेज बदलायला निघालेले. प्लेऑफ असता तर त्यांतले बरेच उतरले असते. तुम्ही आधी टीमला सांगता की तुमचं तेरा-शून्य आमच्या लेखी पुरेसं नाही, मग ती टीम विस्कटते, मग विस्कटलेल्या टीमचा स्कोअर दाखवून म्हणता, बघा!

हे मी ग्रुपवर लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही, नाताळची सुट्टी होती.

फेब्रुवारी २०२४मध्ये गो-लाईव्ह बरं गेलं. चुणचुणीत पोराने काम चोख केलं, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मे महिन्यात कोल्हापूरकराने राजीनामा टाकला. मॅनेजरने मला पिंग केलं: "बरं झालं त्याला नाही पाठवलं. तो टिकणारा नव्हताच." मी अंगठा पाठवला. तोच, वर केलेला. आणि पाठवल्यावर मला ६३-३ आठवलं. ह्या वेळी मात्र लाज वाटली.

त्याच सीझनपासून प्लेऑफ बाराचा झाला. सगळ्यांना वाटलं भांडण मिटलं. कसलं मिटतंय, चौथ्या-पाचव्याचं भांडण बाराव्या-तेराव्यावर गेलं इतकंच. डिसेंबर २०२४मध्ये तीन मॅच हरलेली अलाबामा बाहेर आणि एसएमयू आत, म्हणून टेस्टर आठवडाभर काकांशी बोलत नव्हती. (काकांचा संबंध काय ते मला कळलं नाही.) काकांची स्वतःची अवस्था वेगळीच होती. ३० नोव्हेंबरला ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० अशी हरली. कोच रायन डे यांना हाकला म्हणून काकांनी सोमवारी टेबलावर रीतसर ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं. त्या वर्षी समितीच्या यादीत ओहायो स्टेट सहावी होती. चार जागांची जुनी पद्धत असती तर घरी. पण बारा जागा होत्या, म्हणून आत गेली, आणि मग टेनेसी, ओरेगन, टेक्सस, नोटर डेम असे एकामागून एक आडवे करून २० जानेवारी २०२५ला चॅम्पियन! काका मंगळवारी आले तेव्हा डोळे सुजलेले. ठरावाचा विषय कोणी काढला नाही. त्या फायनलमध्ये हरलेली नोटर डेम सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान टीमकडून घरी हरलेली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो. सप्टेंबरात किंवा ३० नोव्हेंबरच्या रात्री ह्या दोघींना फायनलमध्ये कोणी घातलं असतं?

दिवाळीत, २०२५च्या, कोल्हापूरकराचा फोन आला. वडील आता काठी घेऊन चालतात. तो पुण्यातच दुसऱ्या कंपनीत आहे, बरा पगार आहे, बॅच जॉब नाहीत. बोलता बोलता सहज म्हणाला, "भावा, एक विचारू? त्या फेब्रुवारीला माझं नाव चाललं होतं म्हणे. काय झालं रे? मी बहिणीला पुण्याहून बोलावून ठेवलं होतं, अण्णांकडे बघायला. म्हटलं निरोप आला तर अडायला नको."

मी म्हटलं, "बजेटचा काहीतरी लोचा होता अरे, वरूनच आलं."

तो म्हणाला, "हां, वाटलंच." आणि आम्ही क्रिकेटवर बोललो.

७ डिसेंबर २०२५ला परत यादी लागली. मायामी आणि नोटर डेम, दोघींचं १०-२. आपसातली मॅच ऑगस्टअखेर मायामीने जिंकलेली, २७-२४. तरी आठवड्यांमागून आठवडे समितीच्या यादीत नोटर डेम मायामीच्या वरती होती. शेवटच्या शनिवारी दोघी खेळल्याही नाहीत, आणि रविवारी मायामी आत, नोटर डेम बाहेर. मग समितीने सांगितलं की आता दोघी यादीत शेजारी आल्या म्हणून आपसातला निकाल बघितला. नोटर डेमने चिडून दुसरी कुठलीही बोल मॅच खेळायलाच नकार दिला. मायामी पुढे थेट फायनलपर्यंत गेली, तिथे इंडियानाकडून २७-२१ हरली. आमचा नोटर डेमवाला सोमवारी डबा न उघडता बसला होता. म्हणाला, "हरलो असतो तर चाललं असतं. पण शनिवारी खेळलोच नाही नि रविवारी बाहेर, हे कसं काय? त्या खोलीत काय बोलले ते तरी सांगा." काका म्हणाले, "सांगितलं तर तुला पटेल?" तो म्हणाला, "नाही पटणार. तरी सांगा."

मी गप्प होतो. टेस्टरने विचारलंही, आज तुझं भाषण कुठे गेलं?

तर कोल्हापूरकर, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला माहीत आहे, प्रवासवर्णनाखाली कॉमेंट टाकली होतीस. बजेटचा लोचा वगैरे काही नव्हता. वरूनही काही आलं नव्हतं. कॉलवर आम्ही तिघं होतो, मला विचारलं गेलं, आणि तुझं नाव मी मागे घेतलं. तुला यायचं नसेल असं मीच सांगितलं, तुला न विचारता. बहिणीचं तू दिवाळीत बोललास तेव्हाच सांगायला हवं होतं.

शनिवारी फोन करतो. माझी सकाळ, तुझी संध्याकाळ. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण उचल.